वरचं दूध

लेकाच्या उष्टावणाला माझा भाऊ पुण्याहून आला होता. पहिला घास मामाने भरवायचा, चांदीच्या वाटीतून, आणि वाटीत तांदळाची खीर, घरच्या म्हशीच्या दुधातली. साडेसहा महिन्यांचा होता तो. दोन चमचे गेले, तिसरा त्याने जिभेने बाहेर ढकलला, आम्ही सगळे हसलो, फोटो काढले. दहा मिनिटांत ओठांच्या कडा लाल झाल्या, मग गाल, मग पोटावर या मोठाल्या गांधी उठल्या आणि पाठोपाठ उलटी सुरू झाली ती थांबेचना. कुणीतरी म्हणालं पित्त उठलंय, आमसूल भिजवा. आत्तींनी (सासूबाईंना मी आत्ती म्हणते, आमच्या कोल्हापूरकडे म्हणतातच) आमसुलाचं पाणी करून अंगाला लावलं, चुलत सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. दोनेक तासांत सगळं ओसरलं. आणि मीसुद्धा मान्य करून टाकलं की एवढी माणसं जमली होती, लागली असेल नजर.

आता तो पाच वर्षांचा आहे. त्या दिवसाचा एक फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे, ओठ घट्ट मिटलेले, मान वळवलेली, आणि चांदीचा चमचा ओठांना टेकलेला. सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे आहे, त्याचं एकट्याचं चमच्याकडे. मी तो फोटो किती वेळा बघितलाय सांगता येणार नाही.

आमच्या घरात दूध म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सासऱ्यांच्या गोठ्यात दोन पंढरपुरी म्हशी आहेत, लांब शिंगांच्या. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं, घरचं बाजूला काढायचं. कोल्हापुरात तर लोक दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं धारोष्ण दूध उभ्याउभ्या पितात, पैलवानांचं गाव आहे हे. अशा घरात नातवाला दूध सोसत नाही हे वाक्य उच्चारायलाच जड जातं. मामांनी (म्हणजे सासऱ्यांनी) पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

खरं तर खूण उष्टावणाच्या कितीतरी आधी दिसली होती. दुसऱ्या महिन्यातच शीमध्ये बारीक रक्ताचे धागे दिसायचे, गालावर खरबरीत चट्टे, आणि पाजायला घेतलं की दोन मिनिटं ओढून मग धनुष्यासारखा मागे वाकायचा, रडायचा. तेव्हा तो फक्त अंगावर पीत होता, वरचं दूध एक थेंब दिलं नव्हतं. म्हणून दुधाचा संशय घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. पण बाळंतीण म्हणून मी काय काय खात-पीत होते ते बघा, हळिवाची खीर, दुधातून शतावरी, डिंकाच्या लाडवाबरोबर दूध, रात्री झोपताना परत पेलाभर. आईने खाल्लेल्या दुधातली प्रथिनं थोड्या प्रमाणात तिच्या अंगावरच्या दुधात उतरतात, हे मला फार उशिरा समजलं. माझ्यातूनच ते त्याच्यापर्यंत पोचत होतं आणि मी आणखी पौष्टिक खायच्या मागे लागले होते. त्यातली एकही गोष्ट कुणी वाईट बुद्धीने केली नव्हती, सगळं मायेनेच चाललं होतं, आणि म्हणूनच ते आठवलं की अजून गळा दाटतो.

पहिल्या डॉक्टरांनी रिफ्लक्सचं, म्हणजे प्यायलेलं वर येतं त्याचं, औषध दिलं. दुसऱ्यांनी सांगितलं लॅक्टोज पचत नाही. हा घोळ आपल्याकडे इतका होतो की जरा थांबून सांगते. लॅक्टोज ही दुधातली साखर, ती पचली नाही की पोट फुगतं, जुलाब होतात, अंगावर गांधी उठत नाहीत. अ‍ॅलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, केसीन आणि व्हे, आणि त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्या प्रथिनालाच शत्रू समजते. त्यामुळे लॅक्टोज-फ्री दूध अ‍ॅलर्जीच्या बाळाला चालत नाही, त्यात प्रथिनं जशीच्या तशी असतात. आम्ही ते दिलं. मग कुणी सांगितलं शेळीचं द्या, महात्मा गांधी प्यायचे, हलकं असतं. तेही दिलं असतं, पण त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट मिळाली. त्या म्हणाल्या गाईचं, म्हशीचं, शेळीचं, प्रथिनं इतकी सारखी असतात की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बाकीच्यांचीही येते. त्यांनी आधी अर्धा तास फक्त विचारलं. काय दिलं, किती वेळाने काय झालं, किती वेळ राहिलं, परत दिलं तेव्हा परत झालं का. मग हातावर दुधाचा थेंब टाकून बारीक टोचून बघितलं, पंधरा मिनिटांत तिथे फुगवटा आला. मी त्या फुगवट्याकडे बघत होते आणि मला आमसुलाचं पाणी आठवत होतं.

पित्त हा शब्द आपण फार सहज वापरतो. गांधी उठल्या की पित्त, ओकारी आली की पित्त, चक्कर आली की पित्त. मला आमसुलाला नावं ठेवायची नाहीत, उलट आत्तींचे हात त्या दिवशी किती हळू फिरत होते ते मी पाहिलंय. पण त्या शब्दाने प्रश्न तिथेच संपतो. काय खाल्लं होतं, हे कुणी विचारतच नाही.

निदान झालं म्हणजे सुटलो असं वाटलं होतं. दूध बंद, माझंही बंद, बिस्किटं, लोणी, पनीर सगळं बंद, तुपातसुद्धा प्रथिनाचा अंश राहू शकतो म्हणून तूपही बंद. कॅल्शियमसाठी मला गोळ्या आणि नाचणी (१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधापेक्षा जवळपास तिप्पट, हे मामांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला). शीतलं रक्त दोनेक आठवड्यांत थांबलं, चट्टे निवले. पण खाणं सुरू होईना.

या भागाबद्दल लोक कमी बोलतात. अ‍ॅलर्जीचा पदार्थ काढला तरी खाण्याची भीती त्याच्याबरोबर निघून जात नाही. सहा महिने ज्या पोराला तोंडातून काही गेलं की आत दुखलंय, त्याच्या दृष्टीने तोंड ही धोक्याची जागा झालेली असते. चमचा दिसला की मान वळायची. डाळीच्या पाण्याने सुद्धा उबळ. डॉक्टरांनी खास फॉर्म्युला दिला होता, त्यात प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात, पण त्याची चव कडू आणि वास उग्र, तीन-चार महिन्यांच्या आतलं बाळ कदाचित घेईल, सात महिन्यांचं कशाला घेतंय. डबा महाग, महिन्याच्या पगारातला मोठा तुकडा जायचा, आणि निम्मा मोरीत ओतायला लागायचा. सातव्या महिन्यात वजन ६.८ किलो होतं आणि अकराव्यात ७.१. चार महिन्यांत तीनशे ग्रॅम. बाळसं धरलंच नाही त्याने कधी. लग्नकार्यात बायका त्याच्या मनगटाला हात लावून माझ्याकडे बघायच्या, आणि मी साडीचा पदर सारखा करत दुसरीकडे बघायचे.

मग आम्ही काय केलं, तर जे सगळे करतात तेच. मोबाइल लावला, तोंड उघडं दिसलं की चमचा आत. चिऊचा घास, काऊचा घास. तेही चालेना तेव्हा पाय लांब करून पायावर आडवा घेऊन, हात धरून, बोंडल्याने घातलं. आत्तींनी चार पोरं अशीच वाढवली होती, त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि मलाही तेव्हा वाटलं नाही, पोटात तर जातंय ना एवढंच डोक्यात असायचं. एकेक जेवण दीड तास चालायचं. मग तो उलटी करायचा, आणि आम्ही फरशी पुसून परत वाटी भरायचो.

याच काळात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. कुणीतरी एका लॅबच्या पॅकेजबद्दल सांगितलं, रक्ताचा एक नमुना द्या आणि दोनशे पदार्थांचा रिपोर्ट घ्या. आम्ही दिला. रिपोर्ट रंगीत होता, लाल रंगात सव्वीस पदार्थ, त्यात गहू, तूरडाळ, केळं, बटाटा, नारळ. मी घाबरून सगळे बंद केले. म्हणजे जे पोरगं मुळात आठ-नऊ गोष्टी तोंडात घेत होतं, त्याच्या ताटातून मी पाच काढून घेतल्या. दीड महिन्याने पुण्याला गेलो तर वजन उतरलं होतं. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून गप्प झाल्या, मग शांतपणे म्हणाल्या, ही आयजीजीची टेस्ट आहे, शरीराने तो पदार्थ पाहिलाय एवढंच यातून कळतं, अ‍ॅलर्जी कळत नाही. बटाटा खाल्ल्यावर कधी काही झालं होतं का? नव्हतं झालं. तूरडाळीने? नाही. मग का बंद केलं? मला उत्तर देता आलं नाही. ज्या मुलाची खाण्याचीच तक्रार आहे त्याच्या ताटातून एखादा पदार्थ काढणं हेसुद्धा औषध देण्याइतकंच जपून करायचं काम आहे, काढायचा तर कारण पाहिजे, मुदत पाहिजे, आणि परत देऊन बघायची तारीख पाहिजे, हे त्या दिवशी मला कळलं. अजूनही कुठली आई म्हणाली की मी अमुक-तमुक सगळंच बंद केलंय तर मला तिचा हात धरून थांबवावंसं वाटतं.

तिथल्याच वेटिंग रूममध्ये सोलापूरकडची एक बाई भेटली होती, मांडीवर नऊ महिन्यांची मुलगी. तिच्या मुलीला भाताची पेज दिली की दोन-अडीच तासांनी उलट्यांवर उलट्या, पांढरीफटक पडायची, अंग ढिलं व्हायचं. अंगावर गांधी नाहीत, टोचून केलेली टेस्ट निगेटिव्ह. तीन वेळा पोटातलं इन्फेक्शन म्हणून सलाईन लावून घरी पाठवलेलं. ही पण अ‍ॅलर्जीच, फक्त उशिरा येणारी आणि टेस्टमध्ये न सापडणारी, एफपायस म्हणतात तिला. पेज! आपल्याकडे आजारी माणसाला पेज देतात. ती बाई म्हणाली, ताई, ती चमचा बघून किंचाळायची आणि मी म्हणायचे नाटकं करतीय. आम्ही दोघी मग बराच वेळ काही न बोलता शेजारी बसून राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एका फीडिंग थेरपिस्टकडे पाठवलं. त्याआधी दुर्बिणीने अन्ननलिका तपासली, कारण काही मुलांमध्ये तिथेच इओसिनोफिल नावाच्या पेशी साठून सूज येते आणि लहान मुलं ते सांगू शकत नाहीत, फक्त खायचं सोडतात. आमचा तो रिपोर्ट चांगला आला. म्हणजे आता आत काही दुखत नव्हतं, पण हे त्याला कोण सांगणार.

थेरपिस्टताईंनी पहिल्या दिवशी एक घाससुद्धा भरवला नाही. मला म्हणाल्या तुम्ही घरी जसं भरवता तसं भरवून दाखवा. मी दाखवलं. मग विचारलं, तुम्ही त्याला भरवताना तो काय काय बोलला? मी म्हटलं अजून बोलत नाही तो. त्या म्हणाल्या मी मोजलं, अकरा वेळा नको म्हणाला. मान वळवली, ओठ मिटले, हात आडवा घातला, पाठ ताठ केली, डोळे मिटले. तुम्ही एकदाही ऐकलं नाही.

मी घरी येईपर्यंत रडत होते. आणि मग पुढे कित्येक दिवस मनात एकच चाललं होतं, आपल्या भाषेत बाळाच्या खाण्याचे शब्द बघा ना, भरवणं, पाजणं, चारणं, खाऊ घालणं. सगळ्यांत करणारी आई, आजी, मामा. भरवणं या शब्दात तर भरणंच आहे, डबा भरावा तसं. बाळ स्वतः खातं हे आपण म्हणतो ते फार नंतर.

थेरपिस्टताईंनी सांगितलेल्या गोष्टी ऐकायला साध्या आणि करायला भयंकर कठीण होत्या. खुर्चीत सरळ बसवायचं, पायाखाली टेकायला काहीतरी हवं, लोंबकळते पाय असले की मूल धड गिळत नाही. मोबाइल बंद. जेवण अर्ध्या तासात संपवायचं, खाल्लं असो नसो. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते त्याने. आणि खाण्याआधी नुसतं खेळणं. परातीत भिजवलेलं नाचणीचं पीठ, त्यात हात. दोन दिवस त्याने बोटसुद्धा लावलं नाही, तिसऱ्या दिवशी एक बोट, आठवड्याने कोपरापर्यंत. मग वास, मग ओठाला लावणं, मग जिभेचं टोक. मऊ गुठळ्या असलेलं अन्न साधारण नऊ-दहा महिन्यांच्या आत सुरू झालं नाही तर पुढे जड जातं म्हणतात, आमचं ते वय घाबरण्यात निघून गेलं होतं, म्हणून दीड वर्षाच्या पोराला आम्ही पुन्हा पहिल्यापासून चावायला शिकवत होतो.

आत्तींना हे पटवणं सगळ्यात अवघड. "उपाशी ठेवतीस व्हय गं लेकराला?" असं त्या एकदा म्हणाल्या आणि ताटावरून उठून गेल्या. त्यांच्या हिशोबाने न भरवणं म्हणजे माया न करणं. मी त्यांना एकदा थेरपिस्टताईंकडे घेऊन गेले. ताईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि न सांगता एक चमचा ओठाला लावला. त्यात नुसतं पाणी होतं. आत्ती दचकून मागे सरल्या. येताना एस्टीत खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, कराडच्या पुढे आल्यावर म्हणाल्या, माझा पण धाकटा असाच तोंड फिरवायचा.

त्याने स्वतःच्या हाताने, कुणी न सांगता, पोटभर म्हणावं असं पहिल्यांदा काय खाल्लं असेल तर पांढरा रस्सा. आमच्याकडे तो नारळाच्या दुधातला असतो, खसखस आणि तीळ घातलेला, जनावराच्या दुधाचा थेंब नाही. घरच्यासाठी कमी मिरीचा केला होता. भाकरीचा तुकडा बुडवून चोखला, परत बुडवला. मामा बघत होते. ते मला म्हणाले, दूधच हाय की हे पण, नारळाचं. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पाच नारळ घेऊन आले.

शेंगदाण्याचं पण सांगते, कारण ते मी भीतीने पुढे ढकलत होते. ज्याला एक अ‍ॅलर्जी आहे त्याला दुसरी नको म्हणून दाणे दाखवलेच नव्हते. डॉक्टरीणबाईंनी २०१५ साली लंडनमधून आलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, लीप नावाचा, ज्यात तीव्र एक्झिमा (अंगावरचे खाजरे चट्टे) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, निम्म्यांना अकरा महिन्यांच्या आत शेंगदाणा द्यायला सुरुवात केली, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. ज्यांनी खाल्ला त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जवळपास ८० टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे लांब ठेवणं हेच राखण करणं नव्हे. अर्थात आधी टेस्ट केली, पहिला चमचा त्यांच्यासमोर दिला, आणि दाणा अख्खा नाही, घशात अडकतो, बारीक कूट पातळ करून. काही झालं नाही. आता आमच्या भाजीत कूट पडतं ते त्याच्याही ताटात जातं.

पण दूध दबा धरून असतंच. एकदा शेजारी सत्यनारायण होता, तो अडीच वर्षांचा, कुणीतरी प्रेमाने तळहातावर चमचाभर पंचामृत घातलं. मी आतल्या खोलीत होते. बाहेर आले तर ओठ सुजलेले, खोकला, आणि आवाज बसलेला. अशी जोरदार अ‍ॅलर्जी उठली की अ‍ॅड्रेनॅलिन टोचायचं असतं. आपल्याकडे त्याचं पेनसारखं तयार इंजेक्शन तेव्हा सहज मिळत नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी आणि सिरिंज देऊन, वजनाप्रमाणे खूण करून, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं ते संत्र्यावर शिकवलं होतं. नवऱ्याने टोचलं. त्याचे हात थरथरत होते पण टोचलं, आणि लगेच गाडी काढून हॉस्पिटल. अ‍ॅलर्जीचा पदार्थ पोटात गेल्यावर, अंगावर गांधी असोत नसोत, खोकला, घरघर, आवाज बदलणं किंवा मूल मलूल होणं यातलं काही दिसलं की गोळीची, सिरपची वाट बघायची नाही, आधी हे इंजेक्शन, हे मी भेटेल त्याला सांगते. तेव्हापासून ती पिशवी माझ्या पर्समध्ये असते, देवळात, लग्नात, रानात सगळीकडे.

त्यानंतर महिनाभर तो परत काही खाईना. नाचणीच्या परातीपासून पुन्हा सुरुवात.

तो साडेतीन वर्षांचा असताना टेस्टचे आकडे उतरले तेव्हा हॉस्पिटलमध्ये दिवसभर बसवून त्याला दूध घातलेला केक दिला, आधी चिमूटभर, मग वाढवत. पिठाबरोबर बराच वेळ भाजलेल्या दुधातली प्रथिनं बदलतात, म्हणून बऱ्याच मुलांना साधं दूध सोसत नसताना असा केक सोसतो. त्याला सोसला. आता पायरी-पायरीने चाललंय, केकनंतर आता दूध घातलेल्या घावनापर्यंत आलोय, त्याच्या पुढे दही, आणि सगळ्यात शेवटी नुसतं तापवलेलं दूध. बहुतेक मुलं यातून बाहेर पडतात असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण पांढरं दिसलं की तो आधी विचारतो, आई, हे कुठलं दूध? आणि मी खरं तेच सांगते. एकदाही लपवून घातलं नाही. मला माहितीये की एकदा जरी लपवलं तरी तो परत ओठ मिटून घेईल.

परवा संध्याकाळी आत्ती त्याला भाकरी-आमटी घेऊन बसल्या होत्या, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. निम्मी भाकरी झाल्यावर तो म्हणाला, "आज्जी, बास." जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ताट उचलल्याचा आवाज आला आणि आत्ती म्हणाल्या, "बरं. हात धू जा."